आकडा जन्माला कसा आला, ते आधी बघा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालंय. आता ज्या गटात रुजू व्हायचंय तिथे एकच टीम साथीचे रोग, मातीतला ओलावा, बॅटऱ्या अशा कशाशी काही संबंध नसलेल्या विषयांवर मॉडेलिंग आणि मोजमाप करते. यातल्या एकाही विषयाचं शिक्षण नसताना त्यातल्या प्रश्नांची उत्तरं देता येतात का? आधी मॉडेल करायचं की आधी मोजायचं? आणि आलेल्या उत्तरावर विश्वास कधी ठेवायचा?

देता येतात. बावीस वर्षं मी हेच करतोय आणि अजून तरी कुणी हाकललेलं नाही. पण एका विषयातून दुसऱ्या विषयात जाताना आपल्यासोबत नेमकं काय येतं, याबद्दल भौतिकशास्त्रातून आलेल्या मंडळींचा हमखास गैरसमज असतो. त्यांना वाटतं समीकरणं येतात. येतात, खोटं नाही. धातूच्या सळईतून उष्णता ज्या समीकरणाने पसरते त्याच समीकरणाने पाण्यात शाई पसरते आणि बॅटरीच्या इलेक्ट्रोडमध्ये लिथियमही सरकतं. पण हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळतं, त्यासाठी गटात वेगळा माणूस घ्यावा लागत नाही.

तुमची गरज पडते ती वेगळ्याच ठिकाणी. एका टोकाला खरी घटना असते, दुसऱ्या टोकाला फाइलमधला आकडा. या दोघांच्या मध्ये एक लांबलचक गल्ली असते आणि तिच्याकडे कुणीच बघत नाही. विषयाचा तज्ज्ञ घटनेकडे बघतो, गणिती आकड्याकडे. घटनेचा आकडा होईपर्यंत काय गळलं, काय मिसळलं, कुणी काय पूर्णांकात बसवलं, हे लिहून काढणं आणि मॉडेलमध्ये घालणं, हा आपला धंदा. आणि गंमत अशी की या गल्लीतले खड्डे सगळ्या विषयांत सारखेच असतात.

उदाहरण घेऊ. तळ्यात मासे किती? सगळे मोजता येत नाहीत. म्हणून १०० मासे पकडायचे, खूण करायची, सोडून द्यायचे. काही दिवसांनी पुन्हा जाळं टाकायचं. समजा ८० मासे आले आणि त्यातल्या १० वर खूण आहे. म्हणजे खुणेचे मासे आठात एक. खुणेचे एकूण १००, तेव्हा तळ्यात साधारण ८००. डॅनिश जीवशास्त्रज्ञ पीटरसन यांनी १८९० च्या दशकात माशांवर खुणा करून पाहिल्या, त्यामुळे मत्स्यशास्त्रात ही पद्धत त्यांच्या नावाने ओळखली जाते. पण त्याच्या कितीतरी आधी, १८०२ मध्ये, फ्रेंच गणिती लाप्लासने फ्रान्सची लोकसंख्या याच गुणोत्तराने काढली होती. काही निवडक गावांत लोकसंख्या आणि वर्षाचे जन्म दोन्ही मोजले, दर जन्मामागे साधारण २८ माणसं हे प्रमाण मिळालं, त्याला देशभरातल्या जन्मांच्या संख्येने गुणलं. उत्तर आलं सुमारे २ कोटी ८३ लाख.

आता मासे सोडा. एखाद्या आजाराचे रुग्ण किती, हा प्रश्न आहे. रुग्णालयांच्या नोंदवहीत १०० नावं आहेत, प्रयोगशाळेच्या यादीत ८०, दोन्हीकडे असलेली १०. गणित तेच, उत्तर तेच, ८००. सॉफ्टवेअरमध्येही हे चालतं: दोघांनी स्वतंत्रपणे एकच कोड तपासला, एकाला इतके दोष सापडले, दुसऱ्याला तितके, सामाईक इतके, तर न सापडलेले किती?

इथपर्यंत सगळे आनंदाने येतात. खरं काम यापुढे. या गणितात गृहीत धरलंय की पहिल्या खेपेला सापडणं आणि दुसऱ्या खेपेला सापडणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. एकदा जाळ्यात सापडलेला मासा दुसऱ्यांदा जाळं टाळत असेल, तर खुणेचे मासे १० ऐवजी ५ येतील आणि तळ्यात एकदम १६०० मासे 'तयार' होतील. खूण गळून पडत असेल तरी तेच. रुग्णांच्या यादीत उलटं होतं. जो जास्त आजारी तो रुग्णालयातही जातो आणि त्याची तपासणीही होते. सामाईक नावं १० ऐवजी २० होतात आणि अंदाज ४०० वर घसरतो. घरीच बरे होणारे सौम्य रुग्ण दोन्ही याद्यांतून निसटतात. कोडमध्येही तसंच, ढोबळ चुका दोघांनाही दिसतात, बेरकी चुका कुणालाच दिसत नाहीत, आणि हिशेब सांगतो की आता फारसं काही उरलं नाही.

मी माशांचा तज्ज्ञ नाही, रोगांचाही नाही. पण 'दोन्ही याद्यांत येण्याचं काही समान कारण आहे का?' हा एक प्रश्न घेऊन मी तिन्ही ठिकाणी जाऊ शकतो. उत्तर मात्र मला तिथल्या माणसाकडूनच घ्यावं लागतं. मासा जाळ्याला बुजतो की चटावतो, हे माझ्या कुठल्याही समीकरणात नाही.

आता मॉडेल आधी की मोजमाप आधी. माझं उत्तर ऐकून नवीन मंडळी जरा दचकतात: दोन्ही नाही, आधी खोटा डेटा.

म्हणजे असं. सेन्सर लावण्याआधी, एकही नमुना घेण्याआधी, तुमच्या मनातलं मॉडेल संगणकात चालवा. त्यातून आकडे काढा, त्यांत प्रत्यक्षात येईल तितका गोंगाट (वाचनांतली विनाकारण चढ-उतार) मिसळा, प्रत्यक्षात गळतील तितकी वाचनं गाळा. आता हा डेटा जणू आत्ताच हाती आलाय असं समजून त्यातून मूळ पॅरामीटर, म्हणजे मॉडेलमध्ये तुम्ही ठरवून घातलेले आकडे, परत काढायचा प्रयत्न करा. खरी उत्तरं तुम्हाला माहीत आहेत, कारण तुम्हीच घातलीत. ती परत मिळाली नाहीत, तर खऱ्या डेटातूनही मिळणार नाहीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? याला एक दुपार लागते. न केल्यास पुढे दोन वर्षं लागू शकतात.

साथीचं उदाहरण बघा, यात अगदी हुशार माणसं फसतात. साथीच्या सुरुवातीला रुग्णसंख्या दर ३ दिवसांनी दुप्पट होतेय असं दिसतं. म्हणजे वाढीचा दर दिवसाला साधारण ०.२३. साध्या मॉडेलमध्ये हा दर म्हणजे दोन गोष्टींची वजाबाकी: लागण पसरवण्याचा वेग वजा बरं होण्याचा वेग. आता माणूस सरासरी ५ दिवस संसर्ग पसरवत असेल, तर बरं होण्याचा वेग ०.२, पसरण्याचा वेग ०.४३, आणि एका रुग्णामागे नवे रुग्ण, ज्याला आर-नॉट म्हणतात, सुमारे २.२. पण तो १० दिवस संसर्ग पसरवत असेल, तर बरं होण्याचा वेग ०.१, पसरण्याचा ०.३३, आणि आर-नॉट ३.३. आलेख दोन्हीकडे तोच. रोज किती रुग्ण सापडले, याचे कितीही अचूक आकडे गोळा केले तरी सुरुवातीच्या त्या काळात हे दोन वेगळे करता येत नाहीत. आणि फरक कागदोपत्री नाही: साथ रोखायला किती टक्के लोकांत प्रतिकारशक्ती हवी, याचं उत्तर पहिल्या हिशेबात सुमारे ५४ टक्के, दुसऱ्यात ७०.

मग काय करायचं? जास्त चाचण्या? नाही. वेगळं मोजमाप. काही रुग्णांचा माग काढायचा, कुणाकडून कुणाला कधी लागण झाली ते शोधायचं, त्यातून संसर्गाचा काळ काढायचा. अशा मोजक्या जोड्यांची नीट माहिती लाखभर रुग्णांच्या मोजणीपेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण ती नेमक्या अडलेल्या जागी प्रकाश टाकते.

हेच प्रयोगशाळेत. तापवलेला धातूचा ठोकळा निवत ठेवलाय, दर सेकंदाला तापमान नोंदवताय. वक्र सुंदर येतो, फिट (वाचनांवर बसवलेलं मॉडेल) सुंदर बसतं, त्यातून एक आकडा मिळतो, वेळ-स्थिरांक, म्हणजे ठोकळा किती सावकाश निवतो त्याचं माप. समजा २० मिनिटं. पण हा आकडा म्हणजे ठोकळ्याची उष्णता साठवण्याची क्षमता भागिले उष्णता गमावण्याचा वेग. मोठा ठोकळा, जोरात निवणारा, किंवा छोटा ठोकळा, हळू निवणारा, दोघांचा वक्र एकच. हजार वाचनं घ्या, दहा हजार घ्या, हा भागाकार सुटत नाही. सुटतो कसा, तर ठोकळ्यात ५ वॉटचा हीटर बसवा आणि तापमान स्थिर होईपर्यंत थांबा. ते भोवतालच्या वर १० अंशांवर स्थिरावलं तर अंशामागे अर्धा वॉट गळतोय. आता १२०० सेकंद गुणिले अर्धा, क्षमता ६०० जूल प्रति अंश. एका नव्या वाचनाने गाठ सुटली. साथीत संसर्गाचा काळ मोजणं आणि ठोकळ्यात हीटर बसवणं, मला ही एकच गोष्ट वाटते.

म्हणून 'किती डेटा गोळा करू?' हा प्रश्न मी उलटा विचारतो. तुमच्यासमोर शक्य असलेल्या दोन कहाण्या कोणत्या, आणि त्या कुठे वेगळं काहीतरी सांगतात? तिथे जाऊन मोजा. दोन्ही कहाण्या जिथे एकच सांगतात तिथे मोजत बसणं म्हणजे वेळ आणि बॅटरी दोन्ही जाळणं.

वाचनं वाढवण्याबद्दल आणखी एक. सरासरी घेतल्याने गोंगाट कमी होतो: शंभर वाचनांची सरासरी एका वाचनापेक्षा दहापट स्थिर. हे फक्त सुट्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या चुकांबाबत खरं आहे. सगळ्या वाचनांत एकाच दिशेने बसलेली चूक सरासरीने तसूभरही हलत नाही. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ मिलिकनचा तेलाच्या थेंबांचा प्रयोग शाळेत शिकवतात, पण ही बाजू सांगत नाहीत. थेंब हवेतून किती वेगाने पडतो यावरून विद्युतभार काढायचा, तर हिशेबात हवेची श्यानता, म्हणजे चिकटपणा, लागतो. १९१३ मध्ये मिलिकनने वापरलेला तो आकडा किंचित कमी होता. परिणाम: इलेक्ट्रॉनचा भार आजच्या किमतीपेक्षा सुमारे ०.६ टक्के कमी. त्याने सांगितलेली त्रुटीची मर्यादा याहून बरीच लहान होती. त्याने आयुष्यभर थेंब मोजले असते तरी ही चूक त्याला थेंबांत सापडली नसती, कारण ती थेंबांत नव्हतीच. ती दुसऱ्या कुणाच्या तरी मोजमापातून उसनी आली होती.

उसना आलेला आकडा ही माझी आवडती संशयित जागा आहे. कुठल्याही नव्या प्रकल्पात मी पहिल्यांदा विचारतो, यातले कोणते स्थिरांक तुम्ही स्वतः मोजलेत आणि कोणते कुठूनतरी उचललेत? उचललेल्यांची यादी नेहमी अपेक्षेपेक्षा लांब निघते.

आता माझी स्वतःची फजिती. एका प्रकल्पात पाऊस आणि मातीतला ओलावा यांचा संबंध बघत होतो. पावसाची नोंद एका लॉगरवर, म्हणजे वाचनं आपोआप साठवणाऱ्या यंत्रावर, ओलाव्याची दुसऱ्यावर, दोन्ही अर्ध्या तासाची सरासरी साठवणारे. डेटात दिसत होतं की पाऊस पडल्यानंतर वरच्या थरापर्यंत ओल पोचायला जवळपास नेमका अर्धा तास लागतो, मग पाऊस हलका असो की जोराचा. आम्ही खूश. वरच्या थराची घडण, पालापाचोळा, हवेचे अडकलेले बुडबुडे, अशी सगळी भौतिकी रचली, मॉडेलमध्ये एक 'विलंब' पॅरामीटर घातला, फिट झकास बसलं. दोन महिने गेले. मग गटात नव्याने आलेल्या मुलीने विचारलं, 'हे दोन्ही लॉगर वेळेचा शिक्का कधीचा मारतात?' पावसाचा लॉगर अर्ध्या तासाच्या सुरुवातीचा, ओलाव्याचा शेवटचा. आमचा तो विलंब घड्याळात होता, मातीत नव्हता. खरं तर 'हलका असो की जोराचा, अर्धाच तास' हे ऐकूनच आम्ही थबकायला हवं होतं. निसर्ग इतका वक्तशीर नसतो, यंत्र असतं.

आमचं थोडक्यात निभावलं, कारण बाहेर काही छापलं नव्हतं. २०११ मध्ये ओपेरा या भौतिकशास्त्रातल्या प्रयोगाच्या गटाला न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशाच्या आधी पोचताना दिसले, सुमारे ७३० किलोमीटरच्या प्रवासात ६० नॅनोसेकंद लवकर. पुढच्या वर्षी कारण सापडलं, वेळेच्या यंत्रणेत एक ऑप्टिकल फायबरची जोडणी नीट बसलेली नव्हती. लोक त्यांची टिंगल करतात, मला ते पटत नाही. त्यांनी महिनोन्‌महिने शोधलं, सापडलं नाही, तेव्हा जगापुढे आकडे ठेवून 'तपासा' म्हणाले. याहून वेगळं काय करायला हवं होतं?

याच्या बरोबर उलटं उदाहरण अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंगचं. १९५८ पासून हवाईतल्या मौना लोआ ज्वालामुखीवर त्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला तेव्हा आकडा दशलक्षात ३१५ भागांच्या आसपास होता. दरवर्षीची वाढ एखाद-दुसऱ्या भागाची. म्हणजे उपकरण वर्षाला एक-दोन भागांनी सरकलं असतं तरी सगळा अभ्यास मातीत गेला असता. कीलिंगची कमाल उपकरण घेऊन ज्वालामुखीवर चढण्यात नव्हती. माहीत असलेल्या प्रमाणाचे संदर्भ वायू सिलिंडरमध्ये भरून त्याने उपकरण पुन्हा पुन्हा त्यांच्याशी ताडून बघितलं आणि ते संदर्भ वायूही वेगळ्या, अधिक मूलभूत पद्धतीने तपासले. कॅलिब्रेशनला कुणी बक्षीस देत नाही, पण कार्बन डायऑक्साइडच्या वाढीचा तो वक्र उभा आहे तो त्याच्यावर. झाडं उन्हाळ्यात वायू ओढून घेतात आणि हिवाळ्यात सोडतात, ही उत्तर गोलार्धाची वर्षभराची चढ-उतारही त्यात स्वच्छ दिसली.

मॉडेलच्या बाजूकडे वळतो. इथे सगळ्यात बोलकी गोष्ट ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ केल्विनची. १८६२ मध्ये त्याने पृथ्वीचं वय काढलं: सुरुवातीला तापलेला गोळा, हळूहळू निवतोय, खाणीत खोल जाताना तापमान किती वाढतं ते मोजलेलं, खडकाची उष्णतावाहकता मोजलेली. उत्तर २ कोटी ते ४० कोटी वर्षं. आज आपण ४५४ कोटी म्हणतो. गणितात चूक नव्हती, मोजमापही त्या काळाच्या मानाने ठीक होतं. मग? सर्रास सांगितलं जातं की त्याला किरणोत्सर्ग माहीत नव्हता. ते अर्धं खरं. मोठी गफलत अशी की त्याने पृथ्वी आतून घट्ट, उष्णता फक्त वहनाने बाहेर येणारी मानली. आतला भाग अतिशय संथपणे का होईना ढवळला जात असेल, तर खोलवरची उष्णता वर येत राहते आणि पृष्ठभागाजवळचा तापमानाचा उतार अब्जावधी वर्षं तसाच दिसतो. हे त्याचाच पूर्वीचा सहायक जॉन पेरी याने १८९५ मध्ये दाखवून दिलं होतं, किरणोत्सर्गाचा शोध लागायच्या आदल्या वर्षी. फारसं कुणी ऐकलं नाही.

यातून मी घेतलेली सवय अशी: केल्विनने उत्तरासोबत दिलेली २ ते ४० कोटींची रुंद पट्टी ही मॉडेल बरोबर आहे असं धरून काढलेली होती. आपल्या सगळ्या एरर बार, म्हणजे उत्तरासोबत दिलेल्या त्रुटीच्या पट्ट्या, तशाच असतात. मॉडेलच चुकलं असेल तर किती, हे त्या पट्टीत नसतं. ते कळायला एकच ढोबळ उपाय मला ठाऊक आहे. मुद्दाम दुसऱ्या गृहीतकांवरचं दुसरं मॉडेल बनवा, शक्यतो दुसऱ्या माणसाकडून, आणि दोन्ही उत्तरांत किती अंतर पडतं ते बघा. बऱ्याचदा ते अंतर दोन्हींच्या एरर बारपेक्षा मोठं निघतं आणि बैठकीत शांतता पसरते.

मॉडेल आणि मोजमाप जुळत नसेल तेव्हा दोष कुणाचा, हे गणित सांगत नाही. युरेनस ठरल्या वाटेने जात नव्हता, फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरियेने हिशेब करून सांगितलं की पलीकडे एक ग्रह असणार, आणि सप्टेंबर १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत गाल या खगोलशास्त्रज्ञाला नेपच्यून त्याने सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. पुढे बुधाची कक्षाही थोडी चुकत होती. त्याच माणसाने तीच युक्ती लावून सूर्याजवळ आणखी एक ग्रह सुचवला, त्याला व्हल्कन असं नावही पडलं. तो कधीच सापडला नाही. शतकाला ४३ विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) ती तफावत १९१५ मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलून भरून काढली. एकदा मॉडेलमध्ये एक वस्तू कमी होती, एकदा नियम अपुरा होता, आणि तफावतीकडे बघून दोन्ही सारखेच दिसत होते.

विश्वास कधी ठेवायचा, याकडे येतो. माझ्याकडे नियम नाही, सवयी आहेत. पहिली, मॉडेलला नेहमी एखाद्या बिनडोक प्रतिस्पर्ध्याशी लढवायचं. उद्याचं तापमान आजच्याइतकंच, पुढच्या आठवड्याचे रुग्ण या आठवड्याइतकेच, असा भाबडा अंदाज. तुमचं बावीस पॅरामीटरचं मॉडेल त्याला हरवत नसेल तर ते गुंडाळून ठेवा. असं किती वेळा होतं हे सांगितलं तर आमच्या धंद्याची अब्रू जाईल. दुसरी, फिट झाल्यावर उरलेली तफावत कशाकशाविरुद्ध आलेखात काढून बघायची: वेळ, खोलीचं तापमान, वाचन घेणारा माणूस, उपकरणाचा क्रमांक, वार. तफावतीत काही आकार दिसला की तिथे काहीतरी दडलंय. एकदा ती फक्त सोमवारी वाढत होती. शनिवार-रविवार उपकरण बंद असायचं आणि सोमवारी तापायला वेळ घ्यायचं. तिसरी, जो डेटा मॉडेलला दाखवला नाही त्यावर तपासायचं, आणि तो डेटा खरोखर वेगळ्या जागचा असला पाहिजे.

या तिसऱ्यावर जरा जोर देतो, कारण आता बहुतेक जण मशीन लर्निंग घेऊनच येतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणारी यंत्रणा तपासली होती. ज्या रुग्णालयांच्या डेटावर शिकली तिथे उत्तम, बाहेरच्या रुग्णालयाच्या डेटावर कामगिरी उतरली. एक्स-रे कुठल्या रुग्णालयातला आहे हे यंत्रणेला जवळजवळ अचूक ओळखता येत होतं, आणि काही रुग्णालयांत न्यूमोनियाचं प्रमाणच जास्त होतं. म्हणजे फुप्फुसासोबत पत्ताही वाचला जात होता. त्याच रुग्णालयांतले एक्स-रे बाजूला काढून कितीही तपासणी केली असती तरी हे उघड झालं नसतं. पुन्हा तीच गल्ली: रोगाचा आकडा होताना वाटेत रुग्णालय मिसळलं.

आणि मॉडेलला प्रश्न काय विचारला होता ते विसरू नका. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने हिशेब मांडला की लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये आणखी काहीच उपाय झाले नाहीत, तर २० जानेवारी २०१५ पर्यंत इबोलाचे साडेपाच लाख रुग्ण होतील, न नोंदलेले धरून १४ लाख. साथ संपली तेव्हा एकूण रुग्ण साधारण २८,६०० होते. 'मॉडेल फसलं' अशी ओरड झाली. पण तो 'काहीच केलं नाही तर' चा हिशेब होता, आणि मग पुष्कळ काही केलं गेलं. अर्थात पूर्णपणे निर्दोष म्हणून सोडून देणंही बरोबर नाही. लोक स्वतःहून वागणं बदलतात, हे 'काहीच केलं नाही तर' मध्ये धरायचं की नाही, हा खरा वाद आहे आणि माझ्या मते धरायला हवं. म्हणून आमच्या गटात निकालाच्या पहिल्या ओळीत लिहिलेलंच असतं: हे भाकीत आहे की 'असं झालं तर' चा हिशेब.

समाजशास्त्र, मानसशास्त्र यांबद्दल माझा अनुभव तुटपुंजा आहे. इतकंच सांगतो की तिथे उपकरण म्हणजे प्रश्नावली, आणि ती दरवेळी सारखं उत्तर देते म्हणून हवी तीच गोष्ट मोजते असं नाही. वजनकाटा रोज दोन किलो जास्त दाखवत असेल तर तोही सातत्यपूर्णच.

शेवटी विषयाच्या जाणकारांबद्दल, कारण 'मला विषय येत नाही' ही धास्ती प्रश्नात दिसते. उंटावरून शेळ्या हाकायच्या नसतील तर पहिल्याच आठवड्यात वाचन घेणाऱ्या माणसाबरोबर एक दिवस काढा. प्रमुखाबरोबर नाही, प्रत्यक्ष आकडा लिहिणाऱ्याबरोबर. त्याआधी एक छोटा उद्योग करून जा: मिळालेल्या डेटातल्या प्रत्येक आकड्याचा फक्त शेवटचा अंक घ्या आणि शून्य ते नऊ कोण किती वेळा आलाय ते मोजा. हाताने घेतलेल्या रक्तदाबाच्या नोंदींत शून्याचा ढीग दिसतो. १२०, १३०, ८०. जनगणनेत वयं शून्य आणि पाचवर साचतात, लोकसंख्याशास्त्रात त्यासाठी व्हिपलचा निर्देशांकच आहे. मला एकदा पाण्याच्या पातळीच्या नोंदींत शेवटचा अंक नेहमी सम दिसला. विचारल्यावर तिथला माणूस म्हणाला, 'पट्टीवर दोन-दोनच्याच रेघा आहेत, मधलं कशाला लिहू?' त्याचं बरोबरच होतं. आमच्या कागदपत्रांत मात्र अचूकता एक सेंटिमीटर लिहिलेली होती.

पायथन की आर, यातली कुठली प्रोग्रामिंगची भाषा, हेही विचारलंय. जे गटात बाकीचे वापरतात ते. भाषेपेक्षा मी एकाच गोष्टीवर अडून बसतो: स्तंभाच्या नावातच एकक लिहायचं. 'दाब' नाही, 'दाब_किलोपास्कल'. 'वेळ' नाही, 'वेळ_खिडकीअखेर_यूटीसी', म्हणजे मोजणीच्या खिडकीच्या शेवटची वेळ, जागतिक प्रमाणवेळेत. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाच्या वातावरणात नष्ट झालं, कारण जमिनीवरचा एक प्रोग्राम आवेग पौंड-बल-सेकंदात देत होता आणि पुढचा तो न्यूटन-सेकंद समजून घेत होता. फरक सुमारे ४.४५ पटींचा. फाइलमध्ये नुसते आकडे होते आणि दोन्ही बाजूंना ते अगदी व्यवस्थित वाटत होते.